ठासणीच्या बंदुकीतले ग्रेन आणि ग्रॅम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ठासणीच्या बंदुकीसाठी, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरतात त्या बंदुकीसाठी, तिथे वेगळा मोसम राखून ठेवतात, हे मराठीत सहसा कुणी लिहीत नाही. ते लेखात आले हे बरे झाले. मात्र बंदूक भरण्याच्या वर्णनात 'नळीत शंभर ग्रॅम दारू ओततात' असे छापले आहे. ही चूक मुद्रणदोष म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

तिथे दारू मोजतात ती ग्रेनमध्ये. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. म्हणजे लेखातला आकडा पंधरापट झाला. अर्धा इंच व्यासाच्या, अर्थात ज्याला ५० कॅलिबर म्हणतात त्या नळीत १०० ग्रेन काळी दारू जेमतेम दोन इंच उंचीपर्यंत चढते. १०० ग्रॅम ओतायला गेलात तर तीस इंचांहून उंच थर लागेल आणि आजकालच्या बहुतेक नळ्या २६ ते २८ इंचांच्या असतात. दारू तोंडातून बाहेर सांडेल, गोळीला जागाच उरणार नाही. इतकी उघड चूक कुणी करून बघणार नाही, असे म्हणता येईल. पण वाचणारा 'शंभर नाही तर निदान वीस-पंचवीस ग्रॅम असेल' असा अंदाज बांधतो, आणि पंचवीस ग्रॅम म्हणजे ३८५ ग्रेन. जुन्या घडणीच्या ५० कॅलिबरच्या बंदुकीला ७० ते १०० ग्रेन पुरतात. नव्या बंदुकांपैकी अनेकींची कारखान्याने ठरवलेली कमाल मर्यादा १५० आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. हे ग्रेन तराजूवर तोलायचे नसतात, मापाने घ्यायचे असतात. दारूचे माप म्हणजे पितळी नळकांडे, त्यावर १०-१० ग्रेनच्या खुणा. या खुणा खऱ्या काळ्या दारूच्या हिशेबाने पाडलेल्या आहेत. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वजनाला हलकी असते, त्यामुळे त्याच मापात १०० च्या खुणेपर्यंत भरली तरी ती तराजूवर ७० ते ७५ ग्रेनच भरते. ताकद मात्र १०० ग्रेन काळ्या दारूएवढी. आता एखाद्याने काटेकोरपणाच्या नादात पायरोडेक्स तराजूवर १०० ग्रेन तोलून भरली, तर त्याने मापाच्या हिशेबाने १३५-१४० ग्रेनचा बार भरला. ट्रिपल सेव्हन ही दारू आणखी जोरकस. ती मापानेसुद्धा सुमारे १५ टक्के कमी घ्यावी लागते.

लेखात 'बंदुकीची दारू' असा एकच शब्द सगळीकडे वापरला आहे, त्यातून तिसरा घोटाळा होतो. काळी दारू म्हणजे सोरा ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १०. काडतुसातली बिनधुराची दारू हा निराळाच पदार्थ आहे. तिचा दाब किती तरी जास्त चढतो. ती ठासणीच्या बंदुकीत चमचाभर गेली तरी नळी फुटू शकते, आणि फुटते ती बहुधा बुडाशी, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून आणि डाव्या हातापासून काही इंचांवर. बिनधुराच्या दारूसाठी मुद्दाम घडवलेल्या मोजक्या बंदुका आहेत. त्या सोडल्या तर ती कोणत्याही ठासणीच्या बंदुकीत घालू नये. दोन्ही दारूंचे डबे एका फळीवर ठेवू नयेत आणि लेबल निघालेल्या डब्यातली दारू वापरू नये, हे या छंदातले लोक नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात.

काळ्या दारूतही दाण्याची जाडी बघावी लागते. ५० कॅलिबर आणि त्याहून मोठ्या नळीला दोन एफची, लहान नळीला आणि पिस्तुलाला तीन एफची, आणि चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीत रंजक (बार पेटवायला बाहेरच्या वाटीत घालायची दारू) म्हणून चार एफची बारीक दारू. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक, आणि बारीक दाणा भरभर जळून दाब लवकर चढवतो. चकमकीच्या बंदुकीत पायरोडेक्स नीट पेटत नाही. तिला पेट घ्यायला जास्त उष्णता लागते आणि ठिणगी पडून ती नुसती बसून राहते. तिथे खरी काळी दारूच हवी. ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू तर केपेवरही, म्हणजे घोडा आपटून पेटणाऱ्या छोट्या टोपीवरही, भरवशाने पेटत नाही. तिला २०९ नंबरचा प्रायमर, म्हणजे केपेहून जोरकस पेटवणी, लागतो. औषधाच्या गोळ्यांसारख्या दाबून बनवलेल्या दारूच्या वड्याही मिळतात, बहुधा ५० ग्रेनची एक. पायरोडेक्सच्या वडीची एक बाजू काळी असते आणि ती प्रायमरकडे, म्हणजे नळीच्या बुडाकडे यावी लागते. उलटी टाकली की बार रेंगाळतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या प्रायमरला लागतो.

आता भरण्याची पद्धत. लेखात ती दोन वाक्यांत उरकली आहे, आणि या बंदुकीचे सगळे बरेवाईट तिथेच ठरते.

आधी नळी रिकामी आहे का ते बघायचे. त्यासाठी गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, आत सोडतात. गजावर दोन खुणा केलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीचा बार भरल्यावरची. गज रिकाम्या खुणेपर्यंत गेला नाही तर आत काही तरी आहे. मागच्या मोसमातला बार नळीत तसाच राहून त्यावर दुसरा भरला जाणे, हा या बंदुकीतला नेहमीचा अपघात आहे. बाहेरून बघून ते कधीच कळत नाही.

मग तेल पुसायचे. साफ करून ठेवलेल्या नळीत तेलाचा हात असतो. बंदूक भिंतीला उभी ठेवली की ते ओघळून बुडाशी आणि निपलच्या, म्हणजे केप बसते त्या बोंडीच्या, भोकात जमते. पहिलाच बार फुसका जाण्याचे बहुतेक वेळा हेच कारण. कोरडा कपडा फिरवावा, मग नुसत्या दोन केपा उडवाव्यात. त्या उडवताना नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरावे. पाते हलले तर वाट मोकळी आहे.

दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल, तर ८०-९० ग्रेन पेटून पापण्या जळणे वेगळे आणि हातातला अर्धा पौंडाचा डबा उडणे वेगळे. दारू आधी मापात, मापातून नळीत. तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर. मग नळीला बाहेरून दोन थापट्या, म्हणजे दाणे खाली बसतात.

गोल गोळी घातली तर ती कापडाच्या चकतीत गुंडाळून जाते. ५० कॅलिबरच्या नळीला ०.४९० इंचाची मऊ शिशाची गोळी, वजन सुमारे १७७ ग्रेन, आणि चकती ०.०१५ इंच जाडीची सुती. चकतीला मेण आणि चरबी यांचे वंगण. पेट्रोलियमचे तेल काळ्या दारूच्या काजळीत मिसळले की डांबरासारखा थर धरते, म्हणून ते टाळतात. उडालेल्या चकत्या उचलून बघाव्यात. मध्ये जळलेली असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. कडेने कापलेली असेल तर नळीच्या तोंडाची धार किंवा आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, खरखरीत. चकती जितके सांगते तितके निशाणावरचे भोकही सांगत नाही.

गज दोन्ही हातांनी, पण दर वेळी चार-सहा इंचांवरच धरून ढकलायचा. वरच्या टोकाला धरून जोर लावला तर लाकडी गज मोडतो आणि त्याचा फाळका तळहातातून आरपार जातो. गोळी दारूवर टेकली पाहिजे, हे सर्वांत महत्त्वाचे. मध्येच अडकली आणि खाली दारूच्या वर पोकळी राहिली, तर बार उडताना त्या जागी नळी फुगते, कधी फुटते. म्हणून गजावरची दुसरी खूण. ती नळीच्या तोंडाशी आली की थांबायचे. गज वरून आपटून दारू कुटत बसायचे नाही. दर वेळी सारखाच दाब द्यायचा. केप किंवा रंजक सर्वांत शेवटी, आणि तीही शिकारीच्या जागी पोचल्यावर.

चकमकीच्या बंदुकीत रंजकेची वाटी काठोकाठ भरणे ही नवशिक्याची खोड. नळीच्या कानापर्यंत, म्हणजे वाटीतून नळीत जाणाऱ्या भोकापर्यंत, रंजक भरली की ती वातीसारखी जळत आत शिरते आणि बाराला उशीर होतो. वाटीत थोडी, कानाच्या खाली राहील इतकीच घ्यावी, म्हणजे ज्वाळेचा भपका सरळ कानात जातो. गारगोटीची धार बोथट झाली किंवा ती चामड्यात सैल बसली तर ठिणग्याच पडत नाहीत. पावसात चामड्याचे झाकण घालून कळ कोरडी ठेवतात, तरी दमट हवेत रंजक दर काही वेळाने पुसून नवी घालावीच लागते.

बार उडाला नाही तर? तोंड सुरक्षित दिशेला तसेच धरून निदान एक मिनिट थांबायचे. बार रेंगाळलेला असू शकतो आणि बंदूक खाली घेतानाच उडू शकतो. मग नवी केप. तरीही नाही, तर निपलच्या भोकात तार फिरवून, निपल काढून त्याखाली चिमूटभर दारू सारून पुन्हा प्रयत्न. दारू घालायचीच राहिली आणि गोळी आधी ठासली, असेही होते. अनुभवी माणसांचेही होते, विशेषतः भरताना कुणी बोलत राहिले की. तेव्हा याच युक्तीने गोळी बाहेर काढता येते, किंवा गजाला स्क्रू लावून ओढतात, किंवा निपलमधून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊन. कोणताही उपाय करताना नळीसमोर कुणी नको, आपला हातसुद्धा नको.

लेखात म्हटले आहे की 'एकच गोळी असल्याने हरणाला जास्त संधी मिळते'. हे मला अर्धेच पटते. संधी मिळते ती शिकारी जवळ गेला तर. लांबून नशीब आजमावले तर हरणाच्या वाट्याला फुटका पाय किंवा फाटलेले पोट येते. १७७ ग्रेनची गोल गोळी ९० ग्रेन दारूवर नळीतून सेकंदाला सुमारे १९०० फुटांनी निघते, पण गोलाकार असल्याने हवेत तिचा वेग झपाट्याने मरतो. १०० यार्डांवर जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा उरते. नेम ५० यार्डांवर जुळवला असेल तर १०० यार्डांवर ती पाचेक इंच खाली लागते, आणि वाऱ्याने बाजूला सरकते ते वेगळे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा बाजूने पाहिल्यास साधारण आठ इंचांच्या वर्तुळात येते. त्यामुळे उघड्या नेमाच्या, चकमकीच्या बंदुकीला ५० ते ७५ यार्ड ही प्रामाणिक मर्यादा. दुर्बीण, सॅबोत, म्हणजे गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या खोळीत, बसवलेली २५० ग्रेनची टोकदार गोळी आणि प्रायमर असलेली नवी बंदूक १५० यार्डांपर्यंत जाते. लेखातल्या छायाचित्रात अशीच नवी बंदूक आहे आणि मजकूर मात्र चकमकीचा. दोन्हींची अंतरे एका वाक्यात घालून चालणार नाही.

दोन्हींच्या आट्यांचा पीळही वेगळा असतो. गोल गोळीला सावकाश पीळ, ६०-६६ इंचांत एक फेरा. सॅबोला जलद, २८ इंचांत एक. ४८ इंचांत एक फेरा असलेली नळी दोन्ही कशीबशी चालवते. जलद पिळाच्या नळीत गोल गोळीमागे जास्त दारू घातली की गोळी आटे न पकडता घसरत निघते आणि निशाणावर भोके कुठेही पडतात. मग लोक दारू आणखी वाढवतात. कमी करायला हवी असते.

नियमांबद्दल लेख फारच सरसकट बोलतो. मोसम, हत्यार आणि नेमाचे साधन हे प्रत्येक राज्य ठरवते. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा वेगळा मोसम आहे. तो नाताळनंतर सुरू होतो आणि त्यात दुर्बीण चालत नाही. त्याच राज्यात ऑक्टोबरच्या ठासणीच्या मोसमात मात्र नवी बंदूक आणि दुर्बीण दोन्ही चालतात. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात दुर्बीण नाही, सॅबो नाही, दारूच्या वड्या नाहीत, आणि हरणासाठी नळी किमान ४० कॅलिबरची लागते. आयडाहोतही ठासणीच्या मोसमात सॅबो आणि वड्यांना मनाई आहे. हे सगळे वाद १९८५ नंतर पेटले. त्या वर्षी टोनी नाइट यांनी एमके-८५ ही बंदूक आणली, जिच्यात आग थेट दारूच्या मागून, सरळ रेषेत लागते. जुन्या हत्यारासाठी राखलेल्या मोसमात जवळजवळ आजची रायफल शिरली, अशी तक्रार तेव्हापासून आहे. ती निराधार नाही, असे माझे मत.

'परवाना लागत नाही' हे वाक्यही दुरुस्त करायला हवे. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत काळ्या दारूवर चालणारी, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक बहुतेक वेळा 'फायरआर्म' म्हणून गणली जात नाही. एवढेच. काही राज्यांचे कायदे त्याहून कडक आहेत, आणि शिकारीचा परवाना व हरणाचा टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी) तर वेगळाच घ्यावा लागतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि हरणाची शिकार गुन्हा आहे, हेही लेखात एका ओळीत यायला हरकत नव्हती.

बार उडाल्यानंतरचे लेखात काहीच नाही. काळ्या दारूचा पांढरा धूर समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि नेमके तेव्हाच हरीण कुठे गेले ते बघायचे असते. गुडघ्यावर बसावे, धुराखालून दिसते. हरीण उभे होते ती जागा आणि शेवटचे दिसले ते झाड, दोन्ही मनात पक्के करावे. जागेवरून हलण्याआधी बंदूक पुन्हा भरावी. फुप्फुसांतून गोळी गेलेले हरीणसुद्धा शंभरेक यार्ड धावते. गोल गोळी अनेकदा आरपार जात नाही, त्यामुळे रक्त सुरुवातीला कमी सांडते. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर अर्ध्या तासाने मागावर जावे. हिरवट, दुर्गंधीचा माग असेल तर गोळी पोटात लागली आहे. अशा वेळी सहा-आठ तास थांबावे लागते. लगेच पाठलाग केला तर हरीण उठून मैलभर जाते आणि बहुधा सापडत नाही.

थंडीतून आलेली भरलेली बंदूक उबदार घरात नेऊ नये. नळीत दव धरते आणि दारू ओलावते. केप काढून ती बाहेरच्या गारव्यात, कुलपात ठेवतात. अनेक राज्यांत केप किंवा प्रायमर काढला की बंदूक रिकामी समजली जाते, सगळीकडे नाही.

आणि धुणे त्याच दिवशी. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, एका रात्रीत नळीत गंज चढू शकतो. गरम पाण्यात थोडा साबण, निपल काढून नळीचे बूड बादलीत, आणि गजावरच्या कपड्याने पिचकारीसारखे पाणी वर-खाली. पाणी स्वच्छ येईपर्यंत. नव्या बंदुकीत बुडाचा प्लग उघडून त्याचे आटे घासायचे आणि वंगण लावून परत बसवायचे, नाहीतर तो मोसमाअखेरीस जागीच जाम होतो. ब्लॅकहॉर्नला पाणी चालत नाही, तिला सॉल्व्हंट लागतो. कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यावा आणि दोन दिवसांनी पांढरा कपडा पुन्हा फिरवावा. तपकिरी आला तर धुणे पुन्हा.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती. त्यात 'ग्रॅ.' किंवा 'ग्रे.' असा संक्षेप वापरू नये. 'ग्रेन' पूर्ण लिहावे, आणि पुढे 'मापाने' हा शब्द जोडावा.

आपला,
एक वाचक